स्वस्त देशातले महाग वर्ष : तिबिलिसी, २०२२

काळ्या समुद्राच्या पूर्वेला वसलेला, सुमारे ३७ लाख लोकवस्तीचा जॉर्जिया हा देश राहण्यासाठी स्वस्त आहे, असे विधान २०२१ च्या अखेरीपर्यंत निर्धास्तपणे करता येत असे. राजधानी तिबिलिसीमध्ये सामानसुमानासह मिळणारे साधे दोन खोल्यांचे घर साधारण ३०० डॉलर भाड्यात मिळू शकत होते, बसचे तिकीट नगण्य होते, भाजीबाजार हंगामात भरलेला आणि परवडणारा होता. पुढच्या बारा महिन्यांत याच शहरात नव्याने घर शोधणाऱ्याला भाड्यापोटी दुपटीच्या जवळपास रक्कम मोजावी लागली. रोटी, बस, वीज यांचे दर मात्र त्या प्रमाणात हलले नाहीत. स्वस्त म्हणवल्या जाणाऱ्या देशात नवागताचा रोजचा खर्च नेमका कशाने ठरतो हे या एका वर्षात जितके स्वच्छ दिसते तितके एरवी क्वचितच दिसत असल्यामुळे हे प्रकरण येथे तपशिलाने मांडले आहे. येणाऱ्याची मिळकत कोणत्या चलनात आहे, घरभाडे कोणत्या चलनात ठरते आणि त्याच वेळी आणखी किती जण त्याच दारात उभे आहेत, या तीन गोष्टींच्या मेळातून देशाची स्वस्ताई ठरते, असे माझे या प्रकरणावरून बनलेले मत आहे.

दार उघडे का होते

नव्वदीहून अधिक देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय सलग एक वर्ष राहू देणारा देश म्हणून जॉर्जियाची आधीपासूनच ख्याती होती. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, तेथील सरकारने दूरस्थ काम करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी खास योजना जाहीर केली आणि तिच्यासाठी दरमहा किमान २,००० डॉलर मिळकतीची अट घातली. ही अट बोलकी आहे, कारण त्या वेळी जॉर्जियातील नोकरदाराचे सरासरी मासिक वेतन डॉलरमध्ये चारशेच्या आसपास भरत होते. सरकारला कोणत्या प्रकारचा नवागत हवा होता, हे यावरून कळते. याशिवाय लहान व्यवसायाचा दर्जा मिळवणाऱ्या वैयक्तिक उद्योजकाला वर्षाला ५ लाख लारीपर्यंतच्या (लारी हे जॉर्जियाचे चलन) उलाढालीवर केवळ १ टक्का कर भरावा लागतो. काही प्रकारच्या व्यवसायांना हा दर्जा मिळत नाही, त्यांत सल्लागारीचा समावेश आहे; परंतु घरबसल्या परदेशी कंपन्यांची कामे करणाऱ्या संगणक अभियंत्यांसाठी आणि रेखाटनकारांसाठी ही सवलत मोठे आकर्षण ठरली.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि या उघड्या दारातून येणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. युक्रेनमधून निर्वासित आले, बेलारूसमधून लोक आले, आणि सर्वांत मोठ्या संख्येने रशियन नागरिक आले. रशियाने जॉर्जियाशी असलेली थेट विमानसेवा २०१९ मध्येच बंद केलेली असल्यामुळे अनेक जण येरेवान किंवा इस्तंबूलमार्गे आले, आणि बाकीचे कॉकेशस पर्वतातील लार्सी या एकमेव वाहत्या रस्त्यावरील नाक्यावरून आले. दुसरी लाट त्याच वर्षी २१ सप्टेंबरला रशियाने अंशतः सैन्यभरती जाहीर केल्यानंतर आली. तेव्हा लार्सीच्या नाक्यापलीकडे मोटारींच्या कित्येक किलोमीटर लांबीच्या रांगा लागल्या, आणि जॉर्जियाच्या गृहमंत्रालयाच्या सांगण्यानुसार रशियातून येणाऱ्यांची संख्या दिवसाला दहा हजारांच्या घरात पोहोचली. यांपैकी पुष्कळ जण पुढे अन्य देशांत निघून गेले. तरीही, देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२२ मध्ये स्थलांतरित म्हणून नोंदवलेल्या सुमारे १ लाख ८० हजार लोकांमध्ये रशियन नागरिक ६२ हजारांहून अधिक होते.

बारा लाखांच्या शहरात काही दहा हजार माणसे वाढली तर त्याने एवढा फरक का पडावा, असा प्रश्न येथे रास्तपणे उभा राहतो. या प्रकरणाची किल्ली त्याच्या उत्तरात आहे.

भाड्याच्या घरांचा अरुंद बाजार

सोव्हिएत काळातील सरकारी सदनिका १९९२ पासून त्यांत राहणाऱ्या कुटुंबांच्याच नावावर करून देण्यात आल्या. त्यामुळे तिबिलिसीतील बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात, मग ते घर खृश्चेव्हच्या काळातील पाचमजली इमारतीत असो किंवा जुन्या शहरातील लाकडी सज्ज्यांच्या सामाईक अंगणाभोवती असो. मालकीचे प्रमाण असे मोठे असले की भाड्याने उपलब्ध असणाऱ्या घरांचा साठा साहजिकच लहान राहतो. परगावाहून शिकायला आलेले विद्यार्थी, नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी आणि थोडे परदेशी एवढ्यांचीच गरज त्यावर भागत असते. नवागताला लागणारे घर म्हणजे सामानासह, तापवण्याची सोय असलेले आणि मेट्रोजवळचे. असा विचार केला तर साठा आणखी आक्रसतो आणि वाके, साबुर्तालो, वेरा अशा काही मोजक्या भागांपुरता उरतो. म्हणून नवागतांच्या आकड्याची तुलना शहराच्या बारा लाख वस्तीशी करणे दिशाभूल करणारे ठरते. ती त्या लहानशा साठ्याशी करायला हवी.

नव्या इमारतींनी ही तूट लगेच भरून निघाली नाही, याचे एक कारण बांधकामाच्या स्थानिक रिवाजात आहे. तिबिलिसीत नवी सदनिका बहुधा ‘काळा सांगाडा’, ‘पांढरा सांगाडा’ किंवा ‘हिरवा सांगाडा’ अशा अवस्थेत विकली जाते. काळ्या सांगाड्यात उघड्या भिंती आणि काँक्रीटची जमीन यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. पांढऱ्यात गिलावा आणि वीज-पाण्याच्या जोडण्या असतात. हिरवे त्यापुढची पायरी असते. घर ताब्यात आल्यानंतर ते राहण्याजोगे करण्याचा खर्च आणि कालावधी मालकाच्या माथी असतो. मार्चमध्ये सीमा ओलांडून आलेल्या माणसाला एप्रिलमध्ये राहायला जागा हवी असते, आणि अशा सांगाड्यांचा त्याला काहीच उपयोग नसतो.

यावर आणखी भर घालणारी गोष्ट म्हणजे करारांची ढिलाई. निवासी घराच्या भाड्याच्या उत्पन्नावर जॉर्जियात ५ टक्के इतकाच कर आहे, तरीही अनेक घरमालक करार नोंदवत नाहीत आणि कित्येकदा तो लेखीही नसतो. भाडेवाढीवर कायद्याची मर्यादा नाही. त्यामुळे २०२२ च्या वसंतात आणि पुन्हा शरद ऋतूत असे घडले, की वर्षानुवर्षे राहत असलेल्या जॉर्जियन भाडेकरूंना भाडे वाढवा किंवा घर रिकामे करा असे सांगितले गेले, आणि त्यांच्या जागी कित्येक महिन्यांचे भाडे आगाऊ देऊ शकणारा परदेशी माणूस आला. पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे आधी घेण्याची पद्धत तेथे पूर्वीपासून होती. आता काही मालक त्याहून अधिक मागू लागले. वर्षअखेरीस नव्या करारांमधील भाडे वर्षापूर्वीच्या दुपटीच्या जवळ गेले होते.

एकच घर, तीन हिशेब

तिबिलिसीतील भाडे परंपरेने डॉलरमध्ये सांगितले जाते आणि बहुतेक वेळा लारीत चुकते केले जाते. वरवर किरकोळ वाटणारी ही सवय नवागताच्या अंदाजपत्रकात निर्णायक ठरते, कारण २०२२ मध्ये सर्व चलने एकाच दिशेने गेली नाहीत. २०२१ च्या अखेरीस एका डॉलरला सुमारे ३.१० लारी मिळत होत्या, २०२२ च्या अखेरीस २.७० मिळू लागल्या. म्हणजे युद्धाच्या शेजारी असलेल्या, गव्हासाठी रशियावर विसंबून असलेल्या या लहान देशाचे चलन घसरण्याऐवजी वधारले. त्याचे कारण नवागतांनी आणलेल्या पैशातच होते. रशियातून जॉर्जियात येणारे पैशांचे हस्तांतरण २०२१ मध्ये सुमारे ४१ कोटी डॉलर होते, ते २०२२ मध्ये २०० कोटी डॉलरच्या पलीकडे, म्हणजे जवळपास पाचपट झाले. त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था १० टक्क्यांहून अधिक वाढली.

आता उदाहरणादाखल एक घर घेऊ. त्याचे भाडे २०२१ च्या अखेरीस ३०० डॉलर होते आणि वर्षभराने नव्या भाडेकरूसाठी ते ६०० डॉलर झाले, असे धरू. लारीत मिळकत असणाऱ्याला पूर्वी या घरासाठी सुमारे ९३० लारी लागत, आता १,६२० लागू लागल्या. ही वाढ ७४ टक्के झाली. डॉलरमध्ये मिळकत असणाऱ्यासाठी वाढ उघडच १०० टक्के आहे. रुपयात पैसे मागवणाऱ्यासाठी, उदाहरणार्थ तिबिलिसीत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यासाठी, तेच घर सुमारे २२,३०० रुपयांवरून ४९,६०० रुपयांवर गेले, म्हणजे वाढ १२३ टक्के झाली. कारण याच काळात रुपया एका डॉलरमागे सुमारे ७४ वरून जवळपास ८३ पर्यंत घसरला होता.

रशियन नवागताची स्थिती याच्या नेमकी उलट होती, आणि बाजाराचा भाव त्याच्याच ऐपतीवर ठरला. मार्च २०२२ मध्ये रुबल कोसळून एका डॉलरमागे १२० च्या आसपास गेला, पण भांडवलावरील निर्बंध आणि आयातीतील घट यांमुळे तो जूनअखेरीस ५२-५३ पर्यंत वधारला. जानेवारीत १ लाख रुबलचे साधारण १,३३० डॉलर येत होते, जूनअखेरीस तेवढ्याच रुबलचे १,९०० च्या आसपास येऊ लागले. मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्गमधील पगारावर तिबिलिसीतून काम करणाऱ्या अभियंत्याला भाड्यातील वाढ जाचली खरी, पण त्याचे चलन तिचा मोठा भाग शोषून घेत होते. पहिल्या लाटेतल्या लोकांना सुरुवातीचे काही आठवडे मात्र फार अवघड गेले, कारण १० मार्चपासून रशियात दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे परदेशात चालेनाशी झाली होती आणि स्थानिक बँका रशियन नागरिकांची खाती उघडताना जादा चौकशी करू लागल्या होत्या. ज्याच्याकडे रोख डॉलर होते त्याला घर मिळाले. ज्याचे पैसे रशियन बँकेत अडकले होते तो वसतिगृहात राहिला.

सरकारी योजनेतील २,००० डॉलरच्या मिळकतीवरही हाच हिशेब लावून पाहण्यासारखा आहे. २०२१ च्या अखेरीस त्या मिळकतीच्या सुमारे ६,२०० लारी होत, आणि ३०० डॉलर भाडे वजा जाता ५,२७० च्या आसपास हाती राहत. वर्षभराने त्याच मिळकतीच्या ५,४०० लारी झाल्या, आणि ६०० डॉलर भाडे वजा जाता ३,७८० उरल्या. डिसेंबर २०२२ मध्ये वार्षिक महागाईचा दर ९.८ टक्के होता. तो जमेस धरला तर भाड्याव्यतिरिक्तच्या खर्चासाठी उरलेल्या पैशाची खरेदीक्षमता एका वर्षात सुमारे एक तृतीयांशाने घटली. हा माणूस गरीब झाला नाही, आणि त्याची कीव करण्याचेही कारण नाही. त्याच्या शेजारच्या जॉर्जियन नोकरदाराचे सरासरी वेतन त्या वर्षी करापूर्वी दीड हजार लारीच्या थोडेसेच वर होते, म्हणजे ६०० डॉलरचे ते घर त्याच्या संपूर्ण पगारातही मावत नव्हते. सत्तरीच्या आतील निवृत्तिवेतनधारकाला सरकार महिन्याला २६० लारी देत होते. खासगी क्षेत्रातील कायदेशीर किमान वेतन तर १९९९ च्या अध्यादेशापासून आजतागायत महिन्याला २० लारी इतके हास्यास्पद राहिले आहे. स्वस्त देश कोणासाठी स्वस्त, हा प्रश्न त्या वर्षी तिबिलिसीत फार मोठ्याने विचारला जात होता, आणि तो विचारणाऱ्यांत परगावाहून आलेले जॉर्जियन विद्यार्थी आघाडीवर होते.

जे फारसे हलले नाही

घराबाहेरचा रोजचा खर्च पाहिला तर चित्र बरेच निराळे दिसते. तिबिलिसीच्या महापालिकेने १ फेब्रुवारी २०२२ पासून, म्हणजे युद्धाच्या थोडे आधी, बस आणि मेट्रोचे भाडे १ लारी केले. त्यात ९० मिनिटांपर्यंत कितीही वेळा वाहन बदलता येते. महिन्याचा पास ४० लारीला आणि वर्षाचा २५० लारीला मिळू लागला. नवागतांची लाट आल्यानंतर हे दर वाढले नाहीत. १९६६ पासून चालू असलेली दोन मार्गांची मेट्रो आणि नव्या बसगाड्या यांवर ज्याचे भागते, त्याच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्च जवळपास दिसतच नाही.

अन्नाच्या बाबतीत दोन बाजार वेगळे ओळखावे लागतात. रेल्वे स्थानकाजवळच्या देझेर्तिर बाजारात उन्हाळ्यात टोमॅटो, वांगी, घेवडा, पालेभाज्या, आक्रोड आणि इमेरेती प्रांताचे ताजे चीज मिळते, आणि गल्लीतल्या तोने भट्टीतून निघणारी ‘शोती’ ही लांबट रोटी जवळपास सगळेच घेतात. रोटीचा भाव वाढला, कारण जॉर्जिया आपल्या गरजेचा बहुतांश गहू आयात करतो आणि तो जवळजवळ सगळा रशियातून येतो. तरीही ही वाढ भाड्याच्या तुलनेत किरकोळ होती. दुसरा बाजार सुपरमार्केटचा आहे, आणि नवागत बहुधा तिथेच जातो, कारण तेथे भाषेवाचून अडत नाही. ऑलिव्ह तेल, डबाबंद वस्तू, साबण-शाम्पू, कपडे, विद्युत उपकरणे यांपैकी बहुतेक माल बाहेरून येतो, त्यावर १८ टक्के मूल्यवर्धित कर असतो, आणि लहान बाजारपेठेमुळे निवडही मर्यादित असते. अशा वस्तू तिबिलिसीत कधीच स्वस्त नव्हत्या. आपल्या जुन्या सवयींची टोपली तशीच्या तशी भरणाऱ्याला देश महाग वाटतो आणि ऋतूप्रमाणे खाणाऱ्याला तो परवडतो, ही तक्रार आणि ही प्रशंसा दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतात. हिवाळ्यात मात्र ऋतूप्रमाणे खाणाऱ्याचीही थोडी पंचाईत होते, कारण काकडी-टोमॅटो तेव्हा हरितगृहांतून किंवा तुर्कस्तानातून येतात आणि त्यांचे भाव उन्हाळ्याच्या कितीतरी पट होतात. शाकाहारी माणसाला एक सोय अनपेक्षितपणे लाभते. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासाच्या काळात, आणि एरवीही बुधवार-शुक्रवारी, उपाहारगृहांत ‘सामार्खवो’ म्हणजे मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असलेले पदार्थ मिळतात.

हिवाळ्याचे बिल

नवागताला चकवणारा दुसरा मोठा खर्च म्हणजे घर तापवणे. सोव्हिएत काळातील सामाईक उष्णताव्यवस्था १९९० च्या दशकात कोलमडली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. तेव्हापासून प्रत्येक घर स्वतःच्या गॅसवर तापते. चांगल्या घरांत स्वतःचा बॉयलर आणि खोल्यांतून फिरणाऱ्या नळ्या असतात. जुन्या घरांत एखाद्या खोलीत ‘कार्मा’ या नावाने ओळखला जाणारा गॅसचा हीटर भिंतीला लावलेला असतो आणि बाकीचे घर गारठलेले राहते. अशा हीटरची धुराची नळी नीट नसेल तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाण्याच्या घटना तेथे वारंवार घडल्या आहेत. त्यामुळे भाडे कमी आहे म्हणून असे घर घेणाऱ्याने आधी ती नळी तपासून घेणे भाग आहे.

गॅस आणि वीज यांचे घरगुती दर तुलनेने कमी आहेत. देशातून जाणाऱ्या वाहिनीतून अझरबैजानचा वायू सवलतीने मिळतो, आणि विजेचा मोठा हिस्सा जलविद्युत केंद्रांतून येतो. विजेचा दर मात्र वापरानुसार तीन टप्प्यांत चढतो, त्यामुळे गॅसची सोय नसलेल्या घरात विजेच्या शेगडीवर हिवाळा काढणारा माणूस वरच्या टप्प्यात जाऊन पोहोचतो. उंच छताच्या, जुन्या लाकडी खिडक्यांच्या घरात जानेवारीचे गॅसबिल जुलैच्या अनेक पट येते. जाहिरातीतील भाड्यात ही बिले जवळजवळ कधीच धरलेली नसतात. मीटर नसलेल्या घरांत पाणीपट्टी माणशी आकारली जाते, म्हणून एका घरात चौघे राहणारे विद्यार्थी भाडे वाटून घेतात तेव्हा ही एक रक्कम मात्र वाटली जात नाही, उलट चौपट होते. अनेक जुन्या इमारतींतील लिफ्टमध्ये नाणे टाकल्याशिवाय वर जाता येत नाही, हा खर्च नावापुरता असला तरी पहिल्या दिवशी सुटी नाणी जवळ नसलेला माणूस सामानासह आठ मजले चढतो.

आरोग्यसेवेबद्दल थोडक्यात एवढेच सांगायचे, की २०१३ पासून चालू असलेली सरकारी आरोग्ययोजना मुख्यतः नागरिकांसाठी आहे. त्या वर्षी नवागताला खासगी विमा घ्यावा लागे किंवा दवाखान्याचे पैसे स्वतः भरावे लागत.

भारतीय विद्यार्थी : हिशेबाची तिसरी बाजू

या प्रकरणातील सर्वाधिक कोंडी झालेला नवागत, माझ्या मते, ज्याच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले तोच आहे. जॉर्जियातील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे, आणि त्यांपैकी बहुतेक जण वैद्यकीय शिक्षण घेतात. भारतीय पारपत्रावर व्हिसाविना वर्षभर राहण्याची मुभा नसते; विद्यार्थ्याला व्हिसा आणि निवासाचा परवाना काढावा लागतो. शुल्क डॉलरमध्ये, भाडे डॉलरमध्ये, किराणा लारीत, आणि पैसे येणार रुपयांत. त्यातच सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने युक्रेनमधून परतलेल्या विद्यार्थ्यांना इतर देशांतील विद्यापीठांत शिक्षण पुढे चालू ठेवण्याची सवलत दिली आणि त्या देशांच्या यादीत जॉर्जिया होता. म्हणजे युक्रेनमधून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आणि सैन्यभरती टाळण्यासाठी रशियातून निघालेले तरुण हे एकाच महिन्यात, एकाच शहरात, एकाच प्रकारचे घर शोधत होते. या स्पर्धेत कोण मागे पडणार हे सांगायला नको.

भाडे बाजूला ठेवले तरी भारतीय विद्यार्थ्याच्या खर्चाची वाढ थांबत नव्हती. २०२१ च्या अखेरीस एक लारी सुमारे २४ रुपयांना पडत होती, ती २०२२ च्या अखेरीस ३० रुपये ६० पैशांच्या आसपास गेली. लारीतील भाव मुळीच न बदलता घरून मागवण्याची रक्कम यामुळे २७ टक्क्यांनी वाढली. महिन्याला ४०० लारींचा किराणा घेणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी ९,६०० रुपये पुरत. वर्षभराच्या महागाईनंतर त्याच वस्तूंना ४४० लारींच्या आसपास, म्हणजे साडेतेरा हजारांच्या जवळ रुपये लागू लागले. जॉर्जियन रहिवाशाला दहा टक्के वाटलेली महागाई याच्यापर्यंत पोहोचेतो चाळीस टक्के झाली. यावर विद्यार्थ्यांनी शोधलेला उपाय जुनाच आहे. मध्यवर्ती भाग सोडून ग्लदानी, वार्केतिली यांसारख्या मेट्रोच्या टोकाच्या वसाहतींकडे जाणे, एका घरात माणसे वाढवणे आणि प्रवासाचा वेळ सोसणे, एवढेच त्यांच्या हातात होते. प्रवास स्वस्त राहिल्यामुळे हा मार्ग निदान शक्य झाला.

सरासरीच्या याद्या कुठे फसतात

देशोदेशीच्या जीवनमान-खर्चाच्या ज्या याद्या लोक प्रस्थानापूर्वी पाहतात, त्यांच्यात तिबिलिसी २०२२ मध्येही स्वस्तच दिसत राहिले, आणि या याद्या खोट्या होत्या असेही म्हणता येत नाही. त्या वर्षी जॉर्जियाची सरासरी महागाई ११.९ टक्के होती. मात्र ज्या देशात बहुतेक लोक स्वतःच्या घरात राहतात तेथे ग्राहकांच्या सरासरी टोपलीत भाड्याचा वाटा लहान असतो, म्हणून भाडे दुप्पट झाले तरी निर्देशांकात त्याचा ठसा पुसट उमटतो. याउलट नवागताच्या टोपलीत भाडे हीच सर्वांत मोठी वस्तू असते, आणि ती तो आजच्या भावाने घेतो. सरासरीत मात्र पाच वर्षांपूर्वी ठरलेल्या भाड्यात राहणारी माणसेही मोजलेली असतात. त्यामुळे एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांची महागाई पूर्णपणे वेगळी असू शकते. तिबिलिसीला जाऊ पाहणाऱ्याने अशा यादीतील भाड्याचा आकडा बाजूला ठेवून त्या आठवड्यात प्रत्यक्ष रिकाम्या असलेल्या घरांचे भाव पाहणे, जानेवारीचे गॅसबिल मालकाकडून मागून घेणे, आणि आपल्या चलनाचा डॉलरशी असलेला दर व डॉलरचा लारीशी असलेला दर हे दोन्ही वेगवेगळे लिहून काढणे, एवढी तयारी त्या यादीहून अधिक उपयोगी पडते.

२०२३

ओघ ओसरू लागला तसे २०२३ मध्ये भाडे उतरणीला लागले. काही रशियन नागरिक युरोपात किंवा अन्यत्र गेले, काही परतले. मे महिन्यात रशियाशी थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. भाडे युद्धापूर्वीच्या पातळीला मात्र परतले नाही. महागाई वेगाने निवळून त्या वर्षाची सरासरी अडीच टक्क्यांवर आली आणि जॉर्जियन नोकरदारांचे सरासरी वेतन अठराशे लारीच्या आसपास पोहोचले, म्हणजे स्थानिक पगारदाराला गमावलेल्या जमिनीचा काही भाग परत मिळाला. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला कमी झालेल्या भाड्याचा थोडा दिलासा मिळाला. रुपयात पैसे मागवणाऱ्या विद्यार्थ्याला भाड्यात तोच दिलासा मिळाला, पण बाकी सर्व खर्चात काहीच परत मिळाले नाही. लारी वधारलेलीच राहिली, रुपया ८३ वर स्थिरावला, आणि २०२३ च्या अखेरीस एक लारी त्याला ३१ रुपयांच्या आसपास पडत होती.